एका बिंदूपलीकडचं इंजिन

जेट इंजिन समजावून सांगताना सगळे जण जवळपास एकच आकृती काढतात. पुढून हवा आत येते, कॉम्प्रेसर ती दाबतो, ज्वलनकक्षात इंधन जळतं, तापलेला वायू टर्बाइन फिरवतो आणि मागून झोत बाहेर पडतो. आकृती चुकीची नाही, पण तिच्यात इंजिन आपल्या सर्वांत सुखाच्या क्षणी उभं असतं. हवा ठरल्या तापमानाची, फेरे ठरलेले, प्रत्येक पातं अपेक्षित कोनात हवेला भिडतंय. अभियंते या अवस्थेला डिझाइन पॉइंट म्हणतात. प्रत्यक्षात इंजिनाचा बराचसा काळ त्या बिंदूपासून दूरच जातो. थंड अवस्थेतून सुरू होणं, धावपट्टीच्या रांगेत मंद फिरत राहणं, मे महिन्यातलं उड्डाण, विरळ हवेतली चढण, उतरताना अचानक मागितलेली पूर्ण ताकद, असं सगळं त्याला निभवायचं असतं.

या उरलेल्या आयुष्याचं चित्र एका कागदावर मावतं. त्याचं नाव कॉम्प्रेसर मॅप. कोहेन आणि रॉजर्स यांच्या ‘गॅस टर्बाइन थिअरी’ या १९५१ साली आलेल्या पुस्तकातून किंवा त्याच्या पुढच्या आवृत्त्यांतून हा आलेख विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाहिला. बहुतेकांनी तो परीक्षेपुरता पाठ केला आणि पान उलटलं. मला मात्र तो एखाद्या उत्तम रचनेसारखा पुन्हापुन्हा वाचावासा वाटतो, कारण यंत्रविद्येत इतक्या मोजक्या रेषांत एवढं सांगणारी दुसरी आकृती माझ्या पाहण्यात नाही. इथे तो सावकाश, रेषेमागून रेष असा वाचू.

वाचन अक्षांपासूनच सुरू होतं, कारण या चित्राची पहिली खुबी तिथे आहे. उभ्या अक्षावर दाबाचं गुणोत्तर असतं, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब आत येणाऱ्या हवेच्या किती पट आहे ते. आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह असतो, पण तो सेकंदाला इतके किलो असा सरळ लिहिलेला नसतो. त्याला आत येणाऱ्या हवेच्या निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाने गुणलेलं असतं आणि तिच्या दाबाने भागलेलं असतं. फेऱ्यांची गतीही तापमानाच्या वर्गमुळाने भागूनच मांडतात. यांना करेक्टेड फ्लो आणि करेक्टेड स्पीड म्हणतात. या गुणाकार-भागाकारामागे एक साधं सत्य आहे. पात्याला मिनिटाला किती फेरे झाले हे कळत नाही. आपण भेटलेल्या हवेतल्या ध्वनीच्या वेगाच्या तुलनेत किती जोरात चाललो आहोत, एवढंच त्याला कळतं. ध्वनीचा वेग तापमानाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो, म्हणून पात्याच्या भाषेत गती सांगायची तर तापमान हिशेबात धरावंच लागतं.

या भाषांतरामुळे काय घडतं ते नागपूरच्या विमानतळावर पाहता येईल. मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांवर आहे. निरपेक्ष मोजणीत ते ३१८ झाले. प्रमाण मानलेली हवा १५ अंशांची, म्हणजे २८८. दोहोंच्या भागाकाराचं वर्गमूळ ०.९५ येतं. वैमानिकासमोरचा काटा १०० टक्के फेरे दाखवत असला तरी पात्यांच्या लेखी कॉम्प्रेसर ९५ टक्क्यांनीच फिरतो आहे. नकाशावरचा बिंदू खाली आणि डावीकडे सरकला. शिवाय तापलेली हवा प्रमाण हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ आहे. एकाच उन्हाने दोनदा मारलं, हवा कमी मिळाली आणि मिळाली ती कमी दाबली गेली. फेरे वाढवून भरपाई करावी म्हटलं तर जास्त इंधन जाळावं लागतं, आणि टर्बाइनची पाती सोसतील त्या तापमानाची हद्द आड येते. म्हणूनच विमानाच्या इंजिनांना फ्लॅट रेटिंग देतात. एका ठरावीक तापमानापर्यंत, बहुधा तिशीच्या आसपास, पूर्ण जोराची हमी असते. त्यापुढे पारा चढेल तसा जोर उतरतो आणि विमानाचं वजन कमी करायची वेळ येते.

आता लेह पाहा. विमानतळ ३२५६ मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश. इथे इंजिनाचे हाल नागपूरपेक्षा वाईट असतील असं कुणालाही वाटेल, आणि जोराच्या हिशेबात ते खरंही आहे. पण हवा प्रमाण तापमानाजवळ असेल तर नकाशावरचा बिंदू जागचा हलत नाही. दाबाचं गुणोत्तर तेच, कार्यक्षमता तीच, पुढे जिच्याबद्दल येईल त्या धोक्याच्या रेषेपासूनचं अंतरही तेच. फक्त प्रवाह, दाब आणि जोर यांच्या सगळ्या आकड्यांना दोन-तृतीयांशाने गुणायचं. तापमान इंजिनाची वागणूक बदलतं, दाब बदलतो ते त्याचं आकारमान. समुद्रसपाटीवर चाचणी झालेल्या एका यंत्राबद्दल हिमालयात काय होईल हे चाचणी न घेता सांगता येतं, ते या अक्षांच्या जोरावर. लेहची नागरी विमानं मुख्यतः सकाळीच जातात, त्यामागे दुपारचा वारा आहे तसंच हे गणितही आहे. विरळ हवेचा तोटा तिथे टळणारा नाही, निदान तापलेल्या हवेची तरी त्यात भर नको.

आणि अकरा किलोमीटर उंचीवर? बाहेर उणे ५६ अंश, ध्वनीच्या आठ-दशांश वेगाने आत घुसताना हवा थोडी तापून उणे २९ च्या जवळ येते. तेच वर्गमूळ काढलं तर १.०९ मिळतं. जमिनीवर ज्याला १०० म्हटलं ते फेरे इथे पात्यांना १०९ वाटतात. प्रवासी विमानाचा कॉम्प्रेसर सर्वांत जास्त ताणला जातो तो उड्डाणाच्या गर्जनेत नव्हे, चढण संपत आलेली असताना, म्हणजे प्रवाशांना सगळं स्थिरावल्यासारखं वाटू लागतं त्या वेळी. हे कानाला कळत नाही, पण नकाशावर स्पष्ट दिसतं.

अक्ष समजले की चित्राच्या आत शिरता येतं. तिथे पहिल्यांदा नजरेत भरतात त्या गतीच्या रेषा. प्रत्येक रेष एका करेक्टेड स्पीडची. डावीकडच्या, कमी गतीच्या रेषा वरून हळूच कलत उतरतात. उजवीकडे गती वाढत जाते तशा त्या अधिकाधिक ताठ होतात आणि शेवटच्या जवळपास उभ्याच उतरतात. त्या ताठपणातच अर्थ आहे. जास्त गतीला पुढच्या पात्यांमधल्या वाटांत हवा ध्वनीच्या वेगाला पोचलेली असते. मागचा दाब कितीही कमी केला तरी त्या वाटेतून आता कणभर जास्त हवा जाणार नाही. याला चोक म्हणतात. उभी रेष म्हणजे हवेने दिलेला ठाम नकार.

या रेषांवरून कार्यक्षमतेची वर्तुळं पसरलेली असतात, ट्रेकला नेतो त्या नकाशावर डोंगराच्या समोच्च रेषा असतात तशी. माथ्यावर ८५-९० टक्के, मग एकेक वलय उतरत जाणारं. हा डोंगर कुठे उभा करायचा आणि त्याचे उतार किती सौम्य ठेवायचे, ही रचनाकाराची खरी निवड असते. माथा खूप उंच काढायचा म्हटलं तर तो बहुधा निमुळता होतो आणि बिंदू जरा सरकला की घसरण सुरू होते. थोडा बुटका पण रुंद माथा असलेलं इंजिन रोजच्या कामात जास्त इंधन वाचवू शकतं. नुसता उच्चांक बघणाऱ्याला हे कळत नाही. उतारही वाचता आले पाहिजेत.

चित्राच्या डाव्या-वरच्या अंगाला एक जाड रेष असते. तिच्यापलीकडे काहीच काढलेलं नसतं. ही सर्ज लाइन. हवा कमी आणि दाबाची मागणी जास्त झाली की बिंदू तिच्याकडे सरकतो. तिथे जे घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. कॉम्प्रेसरचं पातं हे विमानाच्या पंखासारखंच काम करतं. हवा संथ झाली की ती पात्याला जास्त तिरकी भिडते, आणि एका मर्यादेनंतर पाठीवरून सुटते. पण ओळीतली सगळी पाती एकदम हार मानत नाहीत. एका ठिकाणची वाट तुंबते. तिथे जाऊ न शकलेली हवा दोन्ही बाजूंना वळते. त्या वळण्यामुळे एका शेजाऱ्यावर ती आणखी तिरकी आदळते आणि तोही तुंबतो, तर दुसऱ्या शेजाऱ्यावर सरळ येते आणि तो मोकळा होतो. असा तुंबलेला पट्टा एका पात्यावरून पुढच्या पात्यावर सरकत राहतो आणि रोटरच्या, म्हणजे कॉम्प्रेसरच्या फिरत्या भागाच्या, साधारण निम्म्या गतीने वर्तुळात फिरतो. याला रोटेटिंग स्टॉल म्हणतात. हे बिघडणंही किती शिस्तीचं आहे, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

सर्ज त्याहून उग्र. पुढून रेटा कमी पडला की मागे साठलेली दाबलेली हवा कॉम्प्रेसरमधून उलटी पुढे येते. मोठा धमाका होतो, कधी तोंडातून ज्वाळाही दिसतात. हवा निघून गेली की मागचा दाब पडतो, पाती पुन्हा पकड घेतात, दाब पुन्हा भरतो आणि पुन्हा तेच. सेकंदात हे अनेकदा घडू शकतं. एखादं यंत्र फिरत्या स्टॉलमध्येच अडकेल की सर्जचे हिसके देईल, हे नुसत्या पात्यांवर ठरत नाही. मागे दाबलेली हवा साठायला किती जागा आहे आणि पात्यांची गती किती, यांवरही ते अवलंबून असतं. एडवर्ड ग्राइट्झर यांनी १९७६ मध्ये हे एका संख्येत बांधून दाखवलं. त्या जाड रेषेपलीकडचा कोरा कागदही अशा रीतीने वाचता येऊ लागला.

आतापर्यंतची सगळी वर्णनं एकट्या कॉम्प्रेसरची झाली. त्याला एकटं सोडलं तर तो नकाशावर कुठेही जाऊ शकतो. इंजिनात बसवला की मात्र त्याला एकाच वाटेने चालावं लागतं. ही वाट म्हणजे रनिंग लाइन, खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर उजवीकडे चढत जाणारी, सर्ज लाइनला जवळजवळ समांतर. या रेषेची गंमत अशी की ती कॉम्प्रेसरच्या नकाशावर असली तरी बरीचशी लिहिलेली आहे टर्बाइनने.

टर्बाइनच्या तोंडाशी स्थिर पात्यांची एक ओळ असते. तिच्यातल्या सर्वांत अरुंद जागी वायू कामाच्या बहुतेक सगळ्या अवस्थांत ध्वनीच्या वेगाने जातो. म्हणजे तो दरवाजा चोक झालेला असतो. अशा दरवाजातून किती वायू जाईल हे दरवाजाचं क्षेत्रफळ आणि अलीकडचा दाब व तापमान एवढ्यावरच ठरतं. पलीकडे काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो. आता कॉम्प्रेसरची अडचण लक्षात येईल. त्याने आणलेली हवा इंधनाने तापून फुगणार आणि तेवढ्याच दरवाजातून जाणार, तर त्याला पुरेसा दाब उभा करावाच लागेल. जितकी हवा, जितकी ती तापलेली, तितका दाब. शिवाय टर्बाइनने मिळवलेलं काम कॉम्प्रेसरच्या गरजेएवढं भरलं पाहिजे. या दोन अटी एकत्र आल्या की नकाशावर एकच वाट उरते.

टर्बाइनचा स्वतःचा नकाशा मात्र अगदी शांत असतो. वेगवेगळ्या गतींच्या रेषा तिथे जवळपास एकमेकींवर पडतात. याचं कारण हवेच्या वाटेत आहे. टर्बाइनमधून जाताना वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, तो पात्याला आपसूक चिकटून राहतो आणि थोडं कमीजास्त झालं तरी सांभाळून घेतो. कॉम्प्रेसरमध्ये हवेला कमी दाबाकडून जास्त दाबाकडे ढकलायचं असतं, आणि तिला सुटून जायला निमित्तच हवं असतं. एकाच दांड्यावर बसलेल्या या दोन यंत्रांचे स्वभाव इतके वेगळे, म्हणून या कथेतलं सगळं नाट्य इंजिनाच्या पुढच्या अर्ध्या भागात घडतं.

त्यातला सर्वांत वेगवान प्रसंग म्हणजे अचानक दिलेला थ्रॉटल. इंधन क्षणात वाढतं, पण जड रोटर क्षणात गती घेत नाही. गती तीच असताना वायू तापतो, फुगतो, दरवाजातून जायला जास्त दाब मागतो, आणि बिंदू त्याच गतीच्या रेषेवरून थेट सर्ज लाइनच्या दिशेने वर चढतो. मग रोटर हळूहळू वेग घेतो आणि बिंदू वळसा घालून पुन्हा आपल्या वाटेला लागतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट २६२ या जर्मन जेट विमानाच्या जुमो ००४ इंजिनांना हा वळसा झेपत नसे. थ्रॉटल भरकन पुढे केला तर इंजिन बंद पडण्याची भीती असे, म्हणून वैमानिकाला तो जपून सरकवावा लागे. आजच्या प्रवासी इंजिनांना नियमच आहे की उड्डाणातल्या मंद गतीपासून पूर्ण ताकदीच्या ९५ टक्क्यांपर्यंत पाच सेकंदांत पोचता आलं पाहिजे. संगणक इंधनाचा थेंबन् थेंब अशा बेताने सोडतो की बिंदू त्या जाड रेषेजवळून जाईल पण तिला शिवणार नाही. उतरताना ऐनवेळी वैमानिक पुन्हा वर जायचं ठरवतो तेव्हा प्रवासी सीटच्या पाठीला दाबले जातात, त्याच्या आधीच्या चार-पाच सेकंदांत हा वळसा पार पडलेला असतो.

कमी गतीलाच इतकी नाजूक परिस्थिती का, याचं उत्तर कॉम्प्रेसरच्या पोटात आहे, आणि माझ्या मते या सगळ्या रचनेचं मर्मही तिथेच. कॉम्प्रेसरची वाट पुढे रुंद आणि मागे अरुंद असते, कारण दाबलेली हवा कमी जागा घेते. दाब १२ पट करायचा असेल तर तापमानवाढ धरून घनता साधारण साडेपाच पट होते, आणि मागचं दार त्या प्रमाणात लहान करावं लागतं. हे दार धातूत घडवलेलं आहे, ते गतीबरोबर बदलत नाही. आता फेरे निम्म्यावर आणा. हवेला मिळणारी तापमानवाढ गतीच्या वर्गाने घटते, म्हणजे चौथ्या हिश्शावर येते. ढोबळ हिशेबाने दाब जेमतेम दुप्पट होतो आणि घनता दीडपटीच्या थोडी वर. साडेपाच पट दाट हवेसाठी घडवलेल्या दारातून आता दीडपट दाट हवा काढायची आहे. पुढच्या हवेच्या तुलनेत ती तिथे ठरल्यापेक्षा तिपटीहून अधिक वेगाने पळाली तरच हिशेब जुळेल. साहजिकच मागच्या ओळी चोक होऊ लागतात. मागे दार तुंबलं म्हणून पुढे हवा संथ होते, संथ हवा पुढच्या पात्यांना तिरकी भिडते आणि पुढच्या ओळी स्टॉलकडे जातात. गती ठरल्यापेक्षा जास्त झाली की सगळं उलटं होतं, पुढे चोक आणि मागे स्टॉल. एकही पातं मोडलेलं नसतं, एकाचीही घडण चुकलेली नसते. ज्या परिस्थितीसाठी त्यांचं एकमेकांशी जमवून दिलं होतं ती परिस्थिती फक्त बदललेली असते.

अभियंत्यांनी या तंट्यावर शोधलेले तोडगे एकापाठोपाठ एक पाहिले की एकाच ओळीचा अर्थ वेगवेगळ्या जाणकारांनी कसा लावला ते कळतं. सर्वांत सोपा तोडगा म्हणजे मधल्या ओळींपाशी झडपा ठेवायच्या आणि कमी गतीला थोडी हवा बाहेर सोडून द्यायची. पुढच्या ओळींना मोकळी वाट मिळते, मागच्यांवरचा बोजा हलका होतो. पण दाबायला कष्ट घेतलेली हवा वाया जाते. १९५० च्या सुमारास ब्रिस्टलच्या ऑलिम्पसने आणि प्रॅट अँड व्हिटनीच्या जे-५७ ने वेगळी वाट धरली. कॉम्प्रेसरचे दोन भाग करून ते दोन स्वतंत्र दांड्यांवर बसवले, एकात एक. कमी गतीला पुढच्या भागावर बोजा जास्त येतो म्हणून तो आपोआप जास्त मंदावतो, मागचा हलका झालेला भाग तुलनेने वेगात राहतो. पुढच्याने मंदावायला आणि मागच्याने वेग धरायला हवं होतं, नेमकं तेच कुणी न सांगता घडतं. या उत्तरातला डौल मला फार आवडतो, कारण इथे नियंत्रणासाठी कुणी बसवलेलं नाही, यंत्राच्या मांडणीनेच ते काम केलेलं आहे.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये गेरहार्ड नॉयमान यांनी तिसरा मार्ग काढला. दांडा एकच ठेवला आणि फिरत्या ओळींच्या मधल्या स्थिर पात्यांनाच वळायला शिकवलं. त्यांच्या जे-७९ मध्ये कॉम्प्रेसरच्या १७ पायऱ्या होत्या, पायरी म्हणजे एक फिरती आणि एक स्थिर ओळ. तोंडाशी असलेली मार्गदर्शक पाती आणि पुढच्या सहा स्थिर ओळी फिरवता येत असत. एफ-१०४ आणि एफ-४ फँटम या लढाऊ विमानांना हेच इंजिन होतं. अशा इंजिनाचं झाकण उघडलं की कवचाबाहेर दिसतं ते असं: प्रत्येक पात्याच्या बुंध्याशी एक आखूड दांडी, एका ओळीच्या सगळ्या दांड्या एका कड्याला बांधलेल्या, आणि कडं थोडं सरकवलं की आतली पूर्ण ओळ एका कोनात वळते. गती कमी असताना ही पाती हवेला रोटर फिरतो त्याच दिशेने आधीच थोडी वळवून देतात. संथ हवा मग रोटरच्या पात्याला तितकी तिरकी भिडत नाही. आजच्या बहुतेक मोठ्या इंजिनांत, विमानांच्या आणि वीजकेंद्रांच्याही, या कड्या-दांड्या आहेत.

आणि मग येतं जे-५८, ज्याला मी या प्रकारातली सर्वांत थोर कृती मानतो. एसआर-७१ ब्लॅकबर्ड या टेहळणी विमानाचं इंजिन, २२ डिसेंबर १९६४ ला ते विमान पहिल्यांदा उडालं. ध्वनीच्या ३.२ पट वेगाला, २४-२५ किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा उणे ५६ च्या आसपास असते. पण त्या वेगाने आत येताना ती थांबत थांबत तापते, आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाशी पोचेपर्यंत सुमारे ३९० अंशांवर जाते. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या नव्हे, आत शिरणाऱ्या हवेचं हे तापमान. मर्यादा ४२७ अंशांची होती, आणि विमान किती वेगाने जाऊ शकेल हे तीच ठरवत असे. पुन्हा आपलं वर्गमूळ काढू. २८८ ला निरपेक्ष ६६० ने भागून वर्गमूळ घेतलं की ०.६६ मिळतं. काटा पूर्ण फेरे दाखवतो आहे, विमान जगातल्या कुठल्याही दुसऱ्या जेट विमानापेक्षा वेगात आहे, आणि पात्यांच्या दृष्टीने कॉम्प्रेसर ६६ टक्क्यांवर रांगतो आहे. नकाशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, पुढे स्टॉल आणि मागे चोक अशा त्याच कात्रीत. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या पराक्रमाच्या वेळी हे इंजिन मंद फिरणाऱ्या इंजिनाच्या दुखण्याने आजारी असतं.

उपाय प्रॅट अँड व्हिटनीच्या रॉबर्ट अ‍ॅबरनेथी यांच्या कल्पनेतून आला. नऊ पायऱ्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये चौथ्या पायरीनंतर हवा काढून घ्यायची, सहा जाड नळ्यांतून इंजिनाच्या बाहेरच्या अंगाने मागे न्यायची आणि टर्बाइनला वळसा घालून आफ्टरबर्नरमध्ये, म्हणजे टर्बाइनमागे पुन्हा इंधन जाळायच्या कक्षात सोडायची. पहिल्या चार ओळींना आता मोकळा रस्ता मिळतो, प्रवाह वाढतो, हवा पात्यांना सरळ भिडते आणि स्टॉल हटतो. मागच्या पाच ओळींवरची गर्दी कमी होते आणि चोक सुटतो. एकाच कृतीने दोन्ही टोकांचं दुखणं मिटतं. जुन्या झडपांनी हवा फुकट घालवली होती, इथे तीच हवा आफ्टरबर्नरच्या भिंती थंड ठेवते आणि त्यात जळणाऱ्या इंधनाला प्राणवायू पुरवून जोर वाढवते. आत येताना हवेचा दाब इनलेटनेच सुमारे ४० पट करून ठेवलेला असतो, त्यामुळे मागच्या पाच ओळींची तिला तितकीशी गरजही उरलेली नसते. वेग ध्वनीच्या दुपटीजवळ आला की झडपा उघडतात, उतरताना मिटतात. जमिनीवर हे साधं टर्बोजेट आहे, तीनपट वेगाला ते बरंचसं रॅमजेटसारखं, म्हणजे स्वतःच्या वेगानेच हवा दाबणाऱ्या इंजिनासारखं वागतं. २८ जुलै १९७६ ला एसआर-७१ ने ताशी ३५२९ किलोमीटरचा विक्रम केला.

सहा नळ्यांच्या या योजनेत मला जे दिसतं ते केवळ चातुर्य नाही. अ‍ॅबरनेथींनी कॉम्प्रेसर अधिक बळकट करून परिस्थितीवर मात करायचा हट्ट धरला नाही. नकाशाचा कोपरा नीट वाचला, पुढच्याची तक्रार आणि मागच्याची तक्रार एकच आहे हे ओळखलं, आणि दोघांच्या मधोमध वाट काढली. उत्तम वाचनातून उत्तम निर्मिती होते याचं यंत्रांच्या जगातलं हे सर्वांत लख्ख उदाहरण आहे.

शेवटी नजर परत त्या दोन समांतर रेषांकडे वळवावीशी वाटते. रनिंग लाइन आणि सर्ज लाइन यांच्यामध्ये एक कोरा पट्टा राहतो. तिथे लिहिलेलं काहीच नसतं, आणि इंजिनातली सर्वांत महाग जागा तीच असते. कारण कार्यक्षमतेचा माथा बहुधा त्या पट्ट्याच्या बाजूलाच असतो. वाट जरा वर सरकवली तर इंधन वाचेल हे रचनाकाराला ठाऊक असतं, तरी तो ती खालीच ठेवतो. त्या पट्ट्यावर अनेकांचा वाटा असतो. थ्रॉटल झटकन पुढे केला तर काही भाग जाणार. आडव्या वाऱ्यात किंवा विमान तिरकं उभारलेलं असताना हवा एकसारखी येत नाही, त्यासाठी काही. फार उंचावर विरळ हवा पात्यांना चिकटून राहायला कमी राजी असते, तिथे सगळा नकाशाच थोडा आक्रसतो, त्यासाठी काही. आणि वयासाठी. किनाऱ्यावरच्या खारट हवेतलं मीठ, धूळ, तेलकट काजळी पात्यांवर बसते, त्यांच्या कडा झिजतात, टोकं आणि कवच यांमधली फट वाढते. प्रवाह घटतो, सर्ज लाइन खाली उतरते आणि तेवढाच जोर मिळवायला वायू अधिक तापवावा लागतो. इंजिन पाण्याने धुतात तेव्हा हा पट्टा थोडा परत मिळवायचा असतो. पण वयाने खाल्लेला वाटा परत मिळतो तो अर्धामुर्धाच.

या चित्राची मर्यादाही नोंदवायला हवी. ते स्थिर अवस्थेचं, स्वच्छ पात्यांचं आणि एकसारख्या येणाऱ्या हवेचं चित्र आहे. खऱ्या आकाशात यातलं काहीच पूर्णपणे मिळत नाही. पण म्हणूनच तो कोरा पट्टा राखलेला आहे. जे आकड्यांत बसवता आलं नाही त्यासाठी रचनाकाराने जागा सोडली, आणि किती सोडायची हे ठरवण्यात त्याचा सगळा अनुभव कामी आला.

इंजिनाची जाहिरात नेहमी डिझाइन पॉइंटच्या आकड्यांनी होते. इतका जोर, इतकी कार्यक्षमता, इतकं दाबगुणोत्तर. हे आकडे खरे असतात, पण ते एका बिंदूचे असतात. चांगलं इंजिन आणि थोर इंजिन यांतला फरक त्या बिंदूवर दिसत नाही. तो दिसतो नागपूरच्या उन्हात, लेहच्या सकाळी, ऐनवेळी पुन्हा वर जाणाऱ्या विमानात आणि पंधरा वर्षं वापरलेल्या पात्यांत. आपले भाग ज्यासाठी घडवले ती परिस्थिती हातात नसतानाही जे यंत्र त्यांचं एकमेकांशी जमवून ठेवतं, त्याच्या रचनाकाराने हा नकाशा कडेपर्यंत वाचलेला असतो.